रुंद पायांसाठी स्कीचे बूट : नंबर बघायचा की माप?

नागपुरात बसून स्कीच्या बुटांवर लिहायचं म्हणजे तुम्ही हसणार. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो तिथे बर्फाचे बूट कशाला? पण हिमनद्या, बर्फाचं पाणी, उंचावरच्या वनस्पती अशा विषयांत पीएचडी करायचं मनात असेल, तर कधी ना कधी हा प्रश्न तुमच्यासमोर येणार आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. त्यांचं स्पितीमधलं ‘हिमांश’ हे संशोधन केंद्र 2016 साली सुरू झालं, तेही 4,000 मीटरच्या वर. अंटार्क्टिकाला जाणाऱ्या भारतीय चमूला आधी औलीच्या थंडीत सराव करावा लागतो. आणि बर्फावर वावरायची सवय व्हावी म्हणून गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलांगला स्कीचा प्राथमिक कोर्स करता येतो.

तिथे बूट बहुतेक वेळा भाड्याने नाहीतर संस्थेकडून मिळतात. तुमचा पाय रुंद असेल तर बूट देणारा म्हणतो, ‘एक नंबर मोठा घ्या नं.’ हाच सल्ला आपण बर्डीवरच्या दुकानातही ऐकत आलोय. रोजच्या बुटांत तो खपून जातो. स्कीच्या बुटांत खपत नाही, आणि का खपत नाही हे समजून घेण्यासारखं आहे, कारण मुळात हा मोजमापाचा घोळ आहे.

बुटावरचा नंबर फक्त लांबी सांगतो. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपच्या पद्धतीत (ते 41, 42 वगैरे) एक नंबर म्हणजे दोन तृतीयांश सेंटिमीटर. स्कीच्या बुटांची पद्धत तिसरीच आहे, तिला मोंडोपॉइंट म्हणतात, आणि ती तिघींत सगळ्यात सरळ आहे. तुमचं पाऊल 265 मिलिमीटर असेल तर नंबर 26.5. बस, एवढंच. पण यात रुंदी कुठे आली? दोन माणसांची पावलं 265 मिलिमीटरच असतील, पण एकाचा चवडा 96 मिलिमीटर आणि दुसऱ्याचा 108 असू शकतो. दुसऱ्याला एक नंबर मोठा बूट दिला की लांबी पूर्ण एक सेंटिमीटरने वाढते, रुंदी त्यामानाने थोडीच. म्हणजे जे हवं होतं ते जेमतेम मिळालं, आणि जे नको होतं ते भरपूर मिळालं.

आता या जास्तीच्या लांबीने काय होतं ते बघा. स्कीचा बूट चालण्यासाठी नसतोच. तो पाय आणि स्की यांच्यामधला दांडा असतो. तुम्ही नडगी पुढे दाबता, बूट तो जोर स्कीपर्यंत नेतो, स्की वळते. बुटात टाच उचलली जात असेल तर तुमचा जोर आधी त्या पोकळीत जिरतो आणि स्की उशिरा वळते. उतारावर हा उशीर धोक्याचा असतो. मग नवखा माणूस काय करतो? बकल आणखी आवळतो. दाब येतो पायाच्या वरच्या उंचवट्यावर, तिथून बोटांकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो, बोटं बधिर होतात. शून्याखालच्या तापमानात बधिर बोटं घेऊन तासन्‌तास उभं राहणं म्हणजे हिमदंशाला आमंत्रण. ‘बूट ढिला आहे’ आणि ‘बोटं गार पडली’ या दोन तक्रारी परस्परविरोधी वाटतात, पण त्या एकाच चुकीच्या नंबरातून निघतात.

आपल्याला रुंदीचा विचार करायची सवय का नाही, याचं माझ्या मते एक कारण म्हणजे चप्पल. कोल्हापुरी असो की रबरी स्लीपर, चवडा दोन्ही बाजूंनी थोडा बाहेर आला तरी काही बिघडत नाही. लांबी जमली की चप्पल जमली. बंद आणि कडक बुटात पाय घातला की मग रुंदीचा पत्ता लागतो.

आपली पावलं खरंच रुंद असतात का, यावर अभ्यास झालेले आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरात 79 ठिकाणी 1,01,880 लोकांची पावलं त्रिमितीय स्कॅनरने मोजली. भारतीय पावलं युरोप-अमेरिकेच्या मानाने रुंद निघाली, आणि त्यातून ‘भ’ नावाची भारतीय मापपद्धत सुचवली गेली. देशाच्या पाच विभागांसाठी पाच वेगळ्या पद्धती लागतील असा सुरुवातीचा अंदाज होता. मोजल्यावर दिसलं की एकीवर भागेल. (संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, अंदाज बाद होणं हाही निष्कर्षच असतो.) त्याआधी 2009 साली बेल्जियमच्या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या अनवाणी चालणाऱ्या लोकांची तुलना बूट-चप्पल वापरणाऱ्या भारतीयांशी आणि पाश्चात्त्य लोकांशी केली होती. अनवाणी पावलं रुंद होती, पाश्चात्त्य पावलं त्यामानाने निमुळती.

पण इथेच एक सापळा आहे. ‘भारतीय पाय रुंद असतात, म्हणून मला रुंद बूट हवा’ हे अनुमान चुकीचं आहे. एक लाख लोकांची सरासरी तुमच्या पायाबद्दल काहीही ठरवत नाही. ती एवढंच सांगते की परदेशी फरम्यावर बनलेला बूट तुम्हाला बसेल हे गृहीत धरू नका. तुमचा पाय तुम्हालाच मोजावा लागेल.

मोजायचं असं. संध्याकाळी मोजा, दिवसभरात पाय थोडे सुजतात. भिंतीला टाच टेकवून कोऱ्या कागदावर उभे राहा, वजन दोन्ही पायांवर. बसून मोजू नका, कारण उभं राहिल्यावर तळव्याची कमान दबते आणि पाऊल लांब-रुंद होतं. ज्यांचे तळवे सपाट आहेत त्यांनी तर दोन्ही मापं घेऊन बघावीत, फरक डोळ्यांना दिसतो. सर्वांत लांब बोटासमोर खूण करा (ते अंगठाच असेल असं नाही), आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना सगळ्यात बाहेरच्या जागी. पेन्सिल अगदी उभी धरा. तिरकी धरली की काही मिलिमीटर इकडचे तिकडे होतात, आणि इथे सगळा खेळ मिलिमीटरचाच आहे. दुसऱ्याला खुणा करायला सांगितलं तर उत्तम, स्वतः वाकलात की वजन सरकतं. दोन्ही पायांचं माप प्रत्येकी तीनदा घ्या. तीन आकडे एकमेकांपासून फार लांब असतील तर पाय बदललेला नसतो, तुमची मोजायची पद्धत डळमळीत असते.

आता बुटाच्या बाजूने बघू. मोची ज्याला फरमा म्हणतो, म्हणजे ज्या साच्यावर बूट घडतो, त्याची चवड्याजवळची रुंदी स्कीच्या बुटांच्या माहितीत मिलिमीटरमध्ये दिलेली असते. ढोबळमानाने 98 किंवा कमी म्हणजे अरुंद, 100 च्या आसपास मध्यम, 102 ते 104 रुंद. पण हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. तो सहसा 26.5 या नंबरासाठी दिलेला असतो. ‘102’ लिहिलेल्या मॉडेलचा 23.5 नंबरचा बूट प्रत्यक्षात 102 पेक्षा अरुंद असतो, 29.5 चा जास्त रुंद. लहान पण रुंद पाऊल असलेल्या मुलींची इथे हमखास फसगत होते. शिवाय प्रत्येक कंपनी सारख्याच ठिकाणी मोजते असंही नाही. तुमच्या चवड्याचं माप आणि फरम्याचा आकडा तंतोतंत जुळायला हवेत असा आग्रह धरू नका. कुठल्या गटापासून बूट घालून बघायला सुरुवात करायची, एवढ्यासाठीच तो वापरा.

अर्ध्या नंबरांचीही एक गंमत आहे. 26 आणि 26.5 यांचं बाहेरचं प्लॅस्टिकचं कवच बहुतेक कंपन्यांत एकच असतं, फरक असतो तो आतल्या सुकतळ्यात किंवा अस्तरात. अर्धा नंबर मोठा घेऊन कवच रुंद झालं असं वाटत असेल, तर तसं झालेलं नसतं.

बूट हातात आला की नंबर विसरा. आतलं मऊ अस्तर बाहेर काढा, नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे हलकी टेकवा आणि टाचेमागे किती जागा उरते ते बघा. एक ते दोन सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक ते दोन बोटं, ठीक. त्याहून जास्त असेल तर बूट लांब आहे, दुकानदार काहीही म्हणो. याच अवस्थेत चवड्याच्या दोन्ही बाजू कवचाला घासतात का तेही कळतं. मग अस्तर परत घालून, एकच पातळ मोजा चढवून (दोन मोजे नकोत, घड्या पडतात आणि फोड येतात) बकल लावा. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकणार, ते बरोबर आहे. गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की बोटं जराशी मागे यायला हवीत आणि टाच जागेवरून हलता कामा नये. हे बघायला दोन मिनिटं पुरत नाहीत. पंधरा-वीस मिनिटं बूट पायात ठेवा. सगळीकडून सारखं घट्ट वाटत असेल तर चालेल, अस्तर वापराने दबतं. एकाच ठिकाणी खिळा टोचल्यासारखं दुखत असेल तर ते दबण्याची वाट बघू नका.

रुंद चवडा आणि अरुंद टाच ही जोडी बऱ्याच जणांची असते, आणि तीच सगळ्यात अवघड. अशांनी टाच पकडणारा बूट निवडावा आणि चवड्याची जागा करून घ्यावी. स्कीचा बूट प्लॅस्टिकचा असल्यामुळे जाणकार कारागीर कवच तापवून ठरावीक जागी बाहेर ढकलतो. मोची लाकडी फरमा ठोकून चामड्याचा बूट सैल करतो, त्याचाच हा भाऊबंद. चवडा काही मिलिमीटर वाढवता येतो, पण जास्तीची लांबी कमी करायचा उपाय नाही. म्हणून शंका असेल तर लांबी अचूक आणि रुंदी किंचित कमी, असा बूट बरा. स्वतःचा बूट घेणार असाल तरच हे लागू. भाड्याच्या बुटाला कोणी तापवू देणार नाही.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. कपाटात नुसते ठेवलेले बूट पावसाळ्यानंतर काढले आणि सोलचा भुगा झाला, असं तुमच्या घरी झालंच असेल. पॉलियुरेथेनची ओलाव्याशी रासायनिक क्रिया होते आणि त्याच्या साखळ्या तुटतात, वापर असो वा नसो. स्कीच्या अनेक बुटांची कवचंही याच कुळातल्या प्लॅस्टिकची असतात. म्हणून ‘फारसा वापरलेला नाही’ हे जुन्या बुटाचं प्रमाणपत्र नव्हे, तो कधी बनला ते विचारा. कवचावर बारीक तडे किंवा रंग उडून पांढुरके झालेले पट्टे दिसले तर तो बूट घेऊ नका, थंडीत असं कवच उतारावर फुटू शकतं. सोलची पुढची आणि मागची टोकं झिजलेली आहेत का बघा. पडल्यावर बूट स्कीपासून वेळेवर सुटणं याच टोकांच्या आकारावर अवलंबून असतं, आणि डांबरी रस्त्यावर बूट घालून हिंडणारे लोक नेमकी तीच घासून टाकतात. टोकं स्क्रूने बदलता येणारी असतील तर बूट जास्त वर्षं चालतो. नागपूरला परत आणलेला बूट तापणाऱ्या माळ्यावर टाकू नका. अस्तर काढून सावलीत पूर्ण वाळवा, बकल हलके लावून ठेवा, म्हणजे कवचाचा आकार टिकतो.

बुटावर 80, 100, 120 असे कडकपणाचे आकडेही असतात. ते कुठल्याही एका प्रमाणावर बेतलेले नाहीत, एका कंपनीचा 100 दुसरीच्या 90 सारखा निघू शकतो. पहिल्या कोर्सला कमी आकडा घ्या आणि पुढे जा.

निघण्याआधी संस्थेला किंवा भाड्याच्या दुकानाला माप कळवावं लागतं. फॉर्मवर नंबराचा एकच रकाना असेल तर त्यात मोंडोपॉइंट लिहा, आणि शेजारी मोठ्या पायाच्या चवड्याची रुंदी मिलिमीटरमध्ये, ‘उभं राहून मोजलेली’ असं नमूद करून. तिथे पोहोचल्यावर कोणी एक नंबर मोठा पुढे केला, तर आधी अस्तर काढून दाखवा म्हणा.