दुधावांचून मॅकरोनी

दूध हें पूर्णान्न आहे, असें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. सकाळचा पेला, जेवणांतील ताक, सणावारची खीर, हें सारें दुधावरच उभें आहे. तथापि ज्यांच्या प्रकृतीस दूध सोसत नाहीं, अशीं मुलेंही असतात. आणि त्यांच्या आयांना रोज एकच प्रश्न पडतो, कीं पोरास आवडेल व बाधणार नाहीं असें काय करून द्यावें? अशा घरांसाठीं हल्लीं खोक्यांतून एक नवी वस्तु मिळूं लागली आहे. ती म्हणजे दुधाचा वापर न करितां तयार केलेली ‘मॅकरोनी आणि चीज’. आम्हीं ती अंबरनाथ येथें शिजवून पाहिली. ती काय आहे व तिजवर कितपत विसंबावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

प्रथम हें ध्यानांत घेतलें पाहिजे, कीं दूध न सोसणें दोन प्रकारचें असतें. दुधांत शेंकडा सुमारें 5 भाग लॅक्टोज नांवाची साखर असते. ती पचविणारा लॅक्टेज हा पाचक पदार्थ लहान आंतड्यांत तयार होतो. परंतु वय वाढूं लागलें म्हणजे पुष्कळांत तो कमी पडतो. मग पोट फुगतें, कळा येतात, जुलाब होतात. अशा माणसास थोडें दहीं किंवा मुरलेलें चीज बहुधा सोसतें. दुसरा प्रकार याहून गंभीर आहे. त्यांत दुधांतील केसीनसारख्या प्रथिनांस शरीर शत्रु समजतें. अंगावर गांधी उठतात, ओकाऱ्या होतात, प्रसंगीं श्वास कोंडतो. यांस अल्पसा अंशही घातक ठरूं शकतो, आणि गाईऐवजीं बकरीचें दूध देऊनही बहुधा भागत नाहीं. आपल्या मुलाचा प्रकार कोणता, हें डॉक्टरांनींच ठरवावें.

आतां या पदार्थाच्या कुळाकडे वळूं. मॅकरोनी व चीज एकत्र शिजविण्याची कृति एलिझाबेथ रॅफल्ड या इंग्रज बाईनें 1769 सालीं आपल्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत दिली होती. पुढें 1937 सालीं अमेरिकेंतील क्राफ्ट कंपनीनें कोरडी मॅकरोनी व चीजची भुकटी एका खोक्यांत घालून विकण्यास आरंभ केला. मंदीचे दिवस होते; थोडक्या पैशांत घरच्या चार माणसांचें जेवण होत असे, म्हणून तो फार खपला. 1944 सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सोबती यांनीं मांसाबरोबर दूध व अंडींही वर्ज्य करणाऱ्यांची संस्था काढली व ‘वीगन’ हा शब्द रूढ केला. आजचें खोकें या दोन प्रवाहांच्या संगमांतून निघालें आहे.

चीज नसतां चीजची रुचि कशी आणितात? खऱ्या चीजमध्यें केसीन हें स्निग्धांश व पाणी यांस एकत्र धरून ठेवितें. म्हणून तें तापलें कीं लोण्यासारखें मऊ होतें व त्याला तार सुटते. हें काम वनस्पतींच्या पदार्थांकडून करून घ्यावयाचें, तर दाटपणासाठीं बटाट्याचें किंवा टॅपिओकाचें पीठ, स्निग्धतेसाठीं खोबरेल, रंगासाठीं हळद, व खमंगपणासाठीं वाळविलेलें यीस्ट घालितात. आंबटपणासाठीं लॅक्टिक आम्ल असतें. हें नांव वाचून दचकूं नये; तें सामान्यतः वनस्पतींची साखर आंबवून करितात, आणि लॅक्टोज ही वस्तु निराळी आहे.

आम्हीं मिठाच्या उकळत्या पाण्यांत मॅकरोनी आठ मिनिटें शिजविली व तें पाणी टाकून न देतां त्यांतील वाटीभर बाजूस ठेविलें. भुकटी मॅकरोनीवर एकदम टाकिली असतां गुठळ्या होतात. म्हणून ती कोमट सोयापेयांत चमचाभर तेल घालून आधीं कालविली व मग मिसळली. रंग नीट साधला, खारटपणाही जुळला. मात्र यीस्टचा वास लपला नाहीं, आणि तार तर मुळींच सुटली नाहीं. निवल्यावर सर्व घट्ट झालें, तेव्हां राखून ठेविलेलें पाणी उपयोगीं पडलें. वर मिरपूड व तळलेला कांदा घातल्यावर रुचि पुष्कळ सुधारली. मुलांनीं ताटल्या रिकाम्या केल्या. मोठ्यांनीं दुसऱ्यांदा घेतलें नाहीं.

परंतु रुचि जुळली म्हणजे पोषण जुळलें, असें मात्र नव्हे. या भेदाचें एक प्रसिद्ध उदाहरण महात्मा गांधींच्या चरित्रांत आहे. त्यांनीं 1912 सालीं दक्षिण आफ्रिकेंत दूध सोडलें होतें. 1918 सालीं आमांशानें ते अगदीं खंगले. प्रकृति सुधारावी म्हणून बदलापुराहून फारशा दूर नसलेल्या माथेरानास ते आले. पण तेथील पाणी त्यांस मानवलें नाहीं. पुढें मुंबईस डॉक्टर दलाल यांनीं दुधावांचून शरीर भरून येणार नाहीं असें सांगितलें, तेव्हां कस्तुरबांच्या सूचनेवरून त्यांनीं बकरीचें दूध घेतलें. दुधाइतकेंच पौष्टिक व पचण्यास हलकें असें वनस्पतिजन्य अन्न कोणास ठाऊक असल्यास कळवावें, अशी विनंति त्यांनीं आत्मचरित्रांत केली आहे.

आमच्या खोक्यानें त्या विनंतीचें उत्तर दिलें काय? नाहीं. त्यांत मुख्यतः पिष्ट व मीठ आहे. गाईच्या 100 ग्रॅम दुधांत सुमारें 120 मिलिग्रॅम कॅल्शियम व 3 ग्रॅमहून अधिक प्रथिनें असतात, शिवाय ब-12 हें जीवनसत्त्व असतें. हें जीवनसत्त्व वनस्पतींच्या अन्नांतून भरवशानें मिळत नाहीं. तें बाहेरून घातलेलें अन्न किंवा औषध घ्यावें लागतें. कॅल्शियम व ब-12 मिसळलेलें सोयापेय दुधाच्या बरेंच जवळ येतें. नारळाचें दूध चवीस उत्तम, पण या बाबतींत उणें आहे.

यास्तव खोकें हा गमतीचा खाऊ समजावा, आहाराचा आधार नव्हे. आणि बिनदुधाची मॅकरोनी आमच्या भागास नवीही नाहीं. फाळणीनंतर येथील लष्करी छावणींत आलेल्या सिंधी कुटुंबांनीं वसविलेल्या उल्हासनगरांत, ज्याची स्थापना 1949 सालीं झाली, बटाटे, कांदा व टोमॅटो यांच्या रसांत तेलावर शिजविलेली मॅकरोनी घरोघर होत आली आहे. तींत दूध नाहीं, चीज नाहीं, आणि कशाची नक्कलही नाहीं. कॅल्शियमसाठीं डोंगरउतारावर पिकणारी नाचणी आहे; तिच्या 100 ग्रॅममध्यें सुमारें 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तिळांत तर याहून पुष्कळ अधिक असतें. प्रथिनांसाठीं डाळी व उसळी आहेतच.

शेवटीं वेष्टन वाचण्याविषयीं. चौकोनांतील हिरवा ठिपका पाहून पुष्कळ पालक निश्चिंत होतात. परंतु तो पदार्थ शाकाहारी आहे, एवढेंच त्यावरून कळतें; आपल्याकडे दूध शाकाहारांत मोडत असल्यामुळें चीजवरही तोच ठिपका असतो. वीगन अन्नासंबंधीं आपल्या देशांत 2022 सालीं निराळे नियम झाले असून त्यांस निराळें चिन्ह आहे. तरीही दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलासाठीं घटकांची यादी संपूर्ण वाचावी. केसीन, व्हे, दुधाची भुकटी हीं नांवें आढळलीं, किंवा ‘दुधाचा अंश असूं शकेल’ अशी सूचना दिसली, तर तें खोकें परत ठेवावें. काजू, शेंगदाणे, सोया व तीळ हेंही कित्येकांस बाधतें, याचाही विसर पडूं नये.

विद्यार्थ्यांस आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं मित्रानें डब्यांतील घास नाकारिला तर रागावूं नये व आग्रहही करूं नये. त्यांत काय घातलें आहे, हें आईस विचारून या व त्यास खरें तेंच सांगा. मग तो निर्भयपणें तुमच्या पंक्तीस बसेल.