दोन ब्रॉडबँड, एक राउटर: १०० आणि ५० मिळून १५० होतात का?

मागच्या पावसाळ्यात बायकोची ऑनलाइन शिकवणी चालू असताना नेट गेलं, ते थेट दुसऱ्या दिवशी आलं. मग मी दुसरं कनेक्शन घेतलं. एक लाइन १०० एमबीपीएसची, दुसरी ५० ची. वाटलं, दोन्ही जोडल्या की १५० मिळणार. तसं होत नाही.

स्वस्त राउटर करतात ते लोड बॅलन्सिंग. टोल नाक्यावर दोन खिडक्या असतात, गाड्या दोन्हीकडे वाटल्या जातात; पण एकच गाडी दोन खिडक्यांतून जात नाही. म्हणजे एकच फाइल उतरवताना वेग एकाच लाइनचा. घरात चार-पाच जण एकदम नेट वापरत असतील तर मात्र फरक कळतो. खरी बेरीज करणाऱ्या प्रकाराला बाँडिंग म्हणतात. त्यासाठी पलीकडच्या टोकालाही सर्व्हर लागतो आणि त्याचे पैसे वेगळे.

मला हवं होतं ते फेलओव्हर: एक लाइन गेली की दुसरी आपोआप सुरू. मी टीपी-लिंकचा ईआर६०५ घेतला. मायक्रोटिकचा हेक्सही चालतो, पण त्याचं सेटिंग नवख्याला जड जातं. ईआर६०५ मध्ये वायफाय नाही. जुना राउटर ॲक्सेस पॉइंट करून वापरा, तेवढाच खर्च वाचतो.

लावताना तीन गोष्टी बघा:

१. दोन्ही मोडेम १९२.१६८.१.१ वरच असतील तर गोंधळ होतो. एकाचा पत्ता १९२.१६८.२.१ करा.

२. ऑनलाइन डिटेक्शन चालू ठेवा. मोडेमचा दिवा हिरवा असूनही नेट बंद असू शकतं. ते राउटरला अशाच तपासणीतून कळतं.

३. बँकेची साइट सारखी लॉगआउट करत असेल तर ॲप्लिकेशन ऑप्टिमाइज्ड राउटिंग चालू करा. मग त्या साइटचा सगळा व्यवहार एकाच लाइनवरून होतो.

सगळं झाल्यावर मी मुद्दाम एक वायर उपटून बघितली. व्हिडिओ कॉल अडकला, पण थोड्या वेळात परत जोडला गेला. शिकवणीसाठी एवढं पुरे.

शेवटचं, पण महत्त्वाचं: दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील तर एक फांदी पडली की दोन्ही बंद! दुसरी लाइन वेगळ्या वाटेची घ्या, नाहीतर ४जी किंवा ५जी. आणि राउटर-मोडेम यूपीएसवर टाका. वीज गेली तर दहा लाइन असून काय उपयोग?