‘रेन चेक’ म्हणजे होकार की नकार?

अमेरिकन सहकाऱ्याला जेवणाचे निमंत्रण द्यावे आणि त्याने ‘आय विल टेक अ रेन चेक’ असे उत्तर द्यावे, की आपण बुचकळ्यात पडतो. येथे बँकेच्या धनादेशाचा काहीही संबंध नाही. हा वाक्प्रचार बेसबॉलच्या मैदानावरून आला. अमेरिकेत १८८० च्या दशकात पावसाने सामना थांबला, तर प्रेक्षकांना पुढील सामन्यासाठी ग्राह्य धरली जाणारी तिकिटे मिळू लागली. तोच हा ‘रेन चेक’. आज बोलण्यात त्याचा अर्थ ‘सध्या जमणार नाही, पुन्हा कधीतरी’ असा होतो. मात्र त्या तिकिटासारखे हे आश्वासन वटेलच असे नाही. आपल्याकडील ‘बघू, येऊ एकदा’ याच जातीचे! बोलणाऱ्याने स्वतःहून दुसरा दिवस सुचविला, तर इच्छा खरी समजावी. अन्यथा तो सभ्य नकार मानावा आणि पुन्हा आग्रह करू नये.

‘पेन्सिल इन’ त्याहून आशादायक. पेन्सिलीने लिहिलेले खोडता येते. म्हणजे भेट ठरली, पण कच्ची. ‘प्ले इट बाय इअर’ म्हणणारा मात्र काहीच ठरवीत नसतो. स्वरलिपी न पाहता केवळ कानावर विसंबून वाजवावे, तसे आयत्या वेळी पाहू, असे त्याला सुचवायचे असते. त्याच्या भरवशावर हॉटेलात टेबल राखून ठेवू नये.