दोन बेटांमधील आकाशमार्ग

मुलांनो, पृथ्वीचा गोल समोर घ्या आणि पॅसिफिक महासागरातील हवाई व फिजी हे दोन द्वीपसमूह शोधून काढा. एका दोऱ्याचे एक टोक हवाईतील होनोलुलू येथे व दुसरे फिजीतील नान्दी येथे धरून दोरा ताणा. विमानाला सर्वांत जवळचा मार्ग कोणता, ते हा ताणलेला दोराच सांगेल. या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे ५,१०० किलोमीटर आहे. वाटेत काही चिमुकली बेटे सोडली, तर सर्वत्र अथांग पाणी!

१९२८ पर्यंत हा सागर विमानाने कोणीही ओलांडला नव्हता. त्या वर्षी चार्ल्स किंग्जफोर्ड स्मिथ व चार्ल्स उल्म हे ऑस्ट्रेलियन वैमानिक 'सदर्न क्रॉस' नावाच्या तीन इंजिनांच्या विमानातून अमेरिकेहून निघाले. हॅरी लायन हे मार्गदर्शक आणि जेम्स वॉर्नर हे बिनतारी संदेशवाहक त्यांच्यासोबत होते. हवाईला पोहोचल्यावर, तेथील काउआई बेटावरून जून महिन्यात त्यांनी फिजीकडे उड्डाण केले.

हे साहस सोपे नव्हते. त्या काळी आगगाडी वाटेत थांबून कोळसा-पाणी घेऊ शकत असे. विमानाला समुद्रावर तशी सोय कोठून मिळणार? समोरून वारा वाहू लागला, की विमानाची गती मंदावते. मग तेवढ्याच अंतराला अधिक वेळ व अधिक इंधन लागते. शिवाय दिशा केवळ एका अंशाने चुकली, तरी पाच हजार किलोमीटर गेल्यावर विमान सुमारे ८० किलोमीटर बाजूला जाते. मग इवलेसे बेट दिसावे कसे? होकायंत्र आणि आकाशातील ज्योती हा लायन यांचा आधार होता. वाटेत पाऊस व वादळे आली. तरीही सुमारे साडेचौतीस तासांनी फिजीतील सुवा शहर दृष्टीस पडले. तेथे विमानतळ नव्हता. आल्बर्ट पार्क या लहानशा मैदानातील झाडे विमानासाठी तोडण्यात आली होती. तेथेच किंग्जफोर्ड स्मिथ यांनी मोठ्या कौशल्याने विमान उतरविले. पुढे ९ जून रोजी ते ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनला पोहोचले.

आज जेट विमान होनोलुलूहून नान्दीला सुमारे सात तासांत जाते. मात्र घड्याळ पाहाल, तर गोंधळून जाल! होनोलुलूहून सोमवारी दुपारी बारा वाजता निघालेला प्रवासी नान्दीला उतरतो, तेव्हा तेथे मंगळवारचे सायंकाळचे पाच वाजलेले असतात. उलट नान्दीहून मंगळवारी रात्री दहा वाजता निघालेला प्रवासी होनोलुलूला त्याच मंगळवारी सकाळी सात वाजता पोहोचतो! असे का होते? या दोन बेटांच्या मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे. ती पश्चिमेकडे जाताना ओलांडली, की वार एकाने पुढे जातो. पूर्वेकडे जाताना ओलांडली, की एकाने मागे येतो. विमानात गेलेले तास मात्र सातच असतात.

समुद्र तेवढाच आहे, बेटेही जागच्या जागी आहेत. साडेचौतीस तासांचे सात तास झाले, ते मानवाच्या ज्ञानामुळे व परिश्रमामुळे. आणि त्या वाटेवरचे पहिले पाऊल चार धाडसी माणसांनी टाकले होते.