शब्दकोडे सोडवता, आता रचून पाहा

वर्तमानपत्रातील शब्दकोडे तुम्ही कधी ना कधी सोडवले असेलच. काही घरे भराभर भरतात, काही रिकामी राहतात आणि दुसऱ्या दिवशी उत्तर पाहिले की ‘अरेच्चा, एवढेच होते होय!’ असे म्हणावेसे वाटते. आज आपण कोड्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसू या. कोडे रचणाऱ्याला काय काय पाहावे लागते? पाचवीतल्या मुलाला झेपेल असे आणि दहावीतल्या मुलाला घाम फोडील असे कोडे कसे करतात? ते सर्वांना वाटायचे, तर कोणती काळजी घ्यायची? यात गंमत तर आहेच, पण थोडे गणितही आहे.

कोड्याचा जन्म

शब्दकोडे फार जुने नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या अमेरिकन वृत्तपत्राच्या रविवारच्या अंकात आर्थर विन यांनी पतंगाच्या आकाराचे एक कोडे छापले. आजच्या शब्दकोड्याची सुरुवात तेथून धरतात. पुढे १९४२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शब्दकोडी छापायला आरंभ केला. त्यांच्या पहिल्या संपादिका होत्या मार्गारेट फरार. या वृत्तपत्राची एक पद्धत आपल्या कामाची आहे. तेथे सोमवारचे कोडे सर्वांत सोपे असते आणि शनिवारपर्यंत ते चढत्या क्रमाने अवघड होत जाते. म्हणजे नवख्याला सोमवार आणि मुरलेल्याला शनिवार! कोणीच रिकाम्या हाताने परत जात नाही.

एका घरात एक अक्षर

इंग्रजी कोड्यात एका घरात एक लिपिचिन्ह बसते आणि अशी चिन्हे अवघी २६ आहेत. मराठीत आपण घरात पूर्ण अक्षर बसवतो, काना-मात्रा-वेलांटीसह. ३४ व्यंजने घेऊन प्रत्येकाची बाराखडी लिहिली, तर ३४ × १२ = ४०८ अक्षरे होतात. स्वर आणि जोडाक्षरे वेगळीच. आडवा आणि उभा शब्द ज्या घरात एकमेकांना छेदतात त्याला आपण सामाईक घर म्हणू. तेथे दोन्ही शब्दांचे अक्षर तंतोतंत जुळायला हवे. २६ चिन्हांतून जुळणी साधणे आणि चारशेहून अधिक अक्षरांतून साधणे, यांत केवढा फरक आहे पाहा! अमेरिकन पद्धतीच्या कोड्यात प्रत्येक घर सामाईक असते. मराठी कोड्यात तसे करणे फार कठीण, म्हणून आपल्या कोड्यांत काळी घरे जास्त दिसतात. हा कोडे रचणाऱ्याचा आळस नव्हे, तो आपल्या लिपीचा स्वभाव आहे.

सगळी अक्षरे सारखी उपयोगी नसतात, हेही ध्यानात घ्या. न, र, त, क, स ही अक्षरे शब्दांच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी, कोठेही भेटतात. ‘ण’ आणि ‘ळ’ यांनी सुरू होणारे शब्द मात्र रोजच्या मराठीत सापडत नाहीत. ‘उत्क्रांती’ हा शब्द तीन घरांचा, उ-त्क्रां-ती. त्यातले मधले अक्षर दुसऱ्या कोणत्या शब्दात शोधणार? तेव्हा गुणी अक्षरे सामाईक घरात आणि हट्टी अक्षरे एकट्या घरात, हा रचनेचा पहिला नियम.

एक लहान कोडे

आता पाच गुणिले पाच घरांचे हे भरलेले कोडे पाहा. काळे घर ■ असे दाखवले आहे.

वा | ता | व | र | ण
ह | ■ | ज | ■ | ■
न | य | न | ■ | ते
■ | कृ | ■ | ज | ल
■ | त | रं | ग | ■

आडवे शब्द: वातावरण, नयन, जल, तरंग.
उभे शब्द: वाहन, वजन, यकृत, तेल, जग.

एकूण २५ घरांपैकी ८ काळी आणि १७ भरलेली आहेत. त्या १७ पैकी ९ सामाईक आणि ८ एकटी. एकटी अक्षरे कोणती ते मोजा: ता, र, ण, ह, ज, ते, कृ, रं. ‘कृ’ आणि ‘रं’ ही हट्टी अक्षरे एकट्या घरात बसली आहेत. ‘वातावरण’मधला ‘ण’ही एकटाच आहे, आणि त्याच्याखाली काळे घर ठेवल्यामुळे ‘ण’ने सुरू होणारा शब्द शोधत बसावे लागले नाही. सामाईक घरात मात्र वा, व, न, य, ज, ल, त, ग अशी सरळ अक्षरे आहेत.

रचताना नेहमी लांब शब्द आधी ठेवावा, त्याला छेदणारे शब्द मग शोधावेत आणि दोन अक्षरी शब्द शेवटी बसवावेत. लहान शब्द पुष्कळ असल्यामुळे ते अडचणीच्या जागी उपयोगी पडतात. खोडरबर मात्र हाताशी हवे.

सामाईक घर काय सांगते?

समजा, ‘डोळा’ या अर्थाचा तीन अक्षरी शब्द हवा आहे. उत्तर ‘नयन’ की ‘लोचन’? ‘वजन’ हा उभा शब्द तुम्हांला आला, तर शेवटचे अक्षर ‘न’ मिळते. पण दोन्ही शब्दांच्या शेवटी ‘न’च आहे! त्यामुळे प्रश्न जेथल्या तेथेच राहतो. ‘वाहन’ आले की पहिले अक्षर ‘न’ मिळते आणि ‘लोचन’ आपोआप बाद होते. याचा अर्थ असा की, अक्षर मिळणे आणि माहिती मिळणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ज्या अक्षराने काही शक्यता गळून पडतात, तेच अक्षर माहिती देते.

माहितीचे असे मोजमाप करणारे गणित क्लॉड शॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ मध्ये मांडले. त्याच निबंधात त्याने शब्दकोड्याचाही विचार केला आहे. ‘पा-सा-ळा’ असे लिहून दुसरे घर रिकामे ठेवले आहे असे समजा. तुम्ही ‘पावसाळा’ असे लगेच ओळखाल. कारण कोणत्याही अक्षरानंतर कोणतेही अक्षर येऊन शब्द होत नाही. काही अक्षरे आपण निवडतो, तर काही भाषेच्या घडणीमुळे ठरून जातात. हा जो ठरून गेलेला भाग, त्याला अतिरिक्तता म्हणू. शॅननने इंग्रजीची अतिरिक्तता सुमारे ५० टक्के धरली आणि दाखवले की एवढ्या अतिरिक्ततेत मोठी शब्दकोडी जेमतेम रचता येतात.

हे जरा उलगडून पाहू. अतिरिक्तता शून्य असती, तर अक्षरांची कोणतीही रांग शब्द ठरली असती. कोडे रचायला काहीच कष्ट पडले नसते, पण चार अक्षरे मिळूनही पाचवे ओळखता आले नसते. उलट अतिरिक्तता फार असती, तर शब्द इतके थोडे झाले असते की ते एकमेकांत गुंफताच आले नसते. कोड्याची मजा या दोन टोकांच्या मध्ये आहे.

सोपे, मध्यम, अवघड

कोड्याची काठिण्यपातळी तीन गोष्टींवर ठरते. पहिली, शब्द ओळखीचा आहे की नाही. दुसरी, त्यात सामाईक घरे किती आहेत. वरच्या कोड्यात ‘नयन’ची तिन्ही घरे सामाईक आहेत, म्हणजे आजूबाजूचे शब्द आले तर तो न विचारता मिळतो. ‘वातावरण’मध्ये पाचांपैकी दोनच घरे सामाईक, म्हणून त्याला आधार कमी. तिसरी गोष्ट म्हणजे शोधसूत्र, शब्द ओळखण्यासाठी दिलेली खूण. चौकट तीच ठेवून नुसती शोधसूत्रे बदलली तरी तीन पायऱ्यांची तीन कोडी तयार होतात. उदाहरणे पाहा.

वजन
सोपे: तराजूने मोजतात ते.
मध्यम: चंद्रावर हे सुमारे एक-षष्ठांश होते, वस्तुमान मात्र तेच राहते.
अवघड: शब्दाला असते, रद्दीलाही असते; अंतराळयानातील प्रवाशाला मात्र जाणवत नाही.

नयन
सोपे: डोळा, पहिले अक्षर ‘न’.
मध्यम: यात भिंग आहे, पडदाही आहे, पण हा कॅमेरा नव्हे.
अवघड: डावीकडून वाचा की उजवीकडून, पाहणारा तोच.

तरंग
सोपे: तळ्यात खडा टाकला की पाण्यावर उठणारी लहर.
मध्यम: या रूपाने ध्वनी हवेतून पुढे जातो.
अवघड: ‘त’ला रंग लावताच तळे हलले!

जग
सोपे: सगळे देश मिळून होते ते.
मध्यम: अमेरिका खंडाला युरोपातील लोक ‘नवे’ काय म्हणत?
अवघड: टेबलावर पाण्याने भरतात, नकाशावर देशांनी.

पहिल्या पायरीत अर्थ सरळ सांगितला आहे. दुसरीत वर्गात शिकलेले आठवावे लागते. तिसरीत शब्दाकडेच निराळ्या नजरेने पाहावे लागते. ‘वातावरण’ या शब्दासाठी ‘वाऱ्याचे पांघरूण’ हे शोधसूत्र कोणत्या पायरीवर ठेवाल? संधी सोडवून पाहा आणि ठरवा.

अवघड आणि अन्यायी यांत मात्र फरक आहे. अवघड कोड्याचे उत्तर कळल्यावर सोडवणारा हसतो. अन्यायी कोड्याचे उत्तर कळल्यावर तो चिडतो. दोन अनोळखी शब्द एकाच घरात छेदत असतील, तर तेथे तर्क चालत नाही, नुसता अंदाज करावा लागतो. अशा ठिकाणी एक शब्द तरी सर्वांच्या माहितीचा हवा. नाहीतर सहावीतला एखादा मुलगा कोडे बाजूला सारतो आणि ‘मला मराठी येत नाही’ असे मनाशी ठरवून टाकतो. चूक कोडे रचणाऱ्याची असते आणि शिक्षा त्याला होते. म्हणून प्रत्येक कोड्यात, अगदी अवघड कोड्यातही, दोन-तीन शब्द असे ठेवा की कोणालाही आत शिरायला दार मिळेल.

वाटण्यापूर्वी

कोडे तयार झाले की लगेच वाटू नका. तीन जणांना सोडवायला द्या: एक तुमच्या वर्गातला, एक खालच्या वर्गातला आणि एक घरातले मोठे माणूस. स्वतः शेजारी बसा, पण बोलू नका. किती वेळ लागला आणि कोठे पेन्सिल थांबली, हे टिपून ठेवा. एकजण एका जागी अडला तर ठीक आहे. तिघेही तेथेच अडले, तर ते शोधसूत्र बदला.

आणखी काही गोष्टी तपासा. एका शोधसूत्राला दुसरे उत्तर बसत नाही ना? शोधसूत्रात कोड्यातलाच दुसरा शब्द डोकावत नाही ना? ‘तेल’साठी ‘पाण्यावर तरंगते’ असे लिहिले, तर शेजारचा ‘तरंग’ उघडा पडेल. ऱ्हस्व-दीर्घ शब्दकोशात पाहिले का? मराठी कोड्यात ‘नि’ आणि ‘नी’ ही दोन वेगळी अक्षरे आहेत.

मग कोडे फळ्यावर काढा, भित्तिपत्रकात लावा, झेरॉक्स काढा किंवा फोनवरून पाठवा. उत्तरे वेगळ्या कागदावर द्या आणि कोडे कोणत्या इयत्तेसाठी आहे ते वर लिहा. खाली रचणाऱ्याचे नाव आणि ‘कोणीही याच्या प्रती काढून फुकट वाटाव्यात’ अशी एक ओळ असू द्या. ती वाचून दुसऱ्या शाळेतील शिक्षकांनाही ते निःसंकोच वापरता येते. दुसऱ्याची चौकट आणि शोधसूत्रे मात्र त्याच्या परवानगीशिवाय उचलू नका. शब्द सर्वांचे असतात, रचना ज्याची त्याची.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. विज्ञानाचा एखादा धडा संपला की त्यातील आठ-दहा शब्दांचे कोडे मुलांकडून रचून घ्यावे. ‘यकृत’ या शब्दासाठी तीन पायऱ्यांची तीन शोधसूत्रे लिहायची, तर यकृत काय करते हे मुलांना पुन्हा वाचावेच लागते.

आता तुमची पाळी. खालच्या चौकटीत काळे घर एकही नाही. आडवे वाचा की उभे, शब्द तेच येतात.

ग | व | त
व | ज | न
त | न | ?

शेवटच्या शब्दाचे शोधसूत्र: पुत्र. शेवटचे अक्षर कोणते? ते सापडले की असाच तीन गुणिले तीनचा चौकोन स्वतः करून पाहा. पहिला साधायला कदाचित संध्याकाळ जाईल. दुसऱ्याच्या वेळी कोणती अक्षरे गुणी आणि कोणती हट्टी, हे तुमचे तुम्हांलाच ठाऊक झालेले असेल.