उपवास की आजार?

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कॉलेजात शिकणारी एक मुलगी आईबरोबर दवाखान्यात आली. तक्रार अशक्तपणाची. छातीत जळजळ, अधूनमधून पायात गोळे. कानाखाली दोन्ही बाजूंना थोडी सूज. वजन मात्र उंचीला साजेसे. आई कौतुकाने म्हणाली, "डॉक्टर, सोमवार, गुरुवार, चतुर्थी, सगळे उपास करते हो!" मी आम्लपित्ताच्या गोळ्या दिल्या, टॉनिक लिहून दिले आणि सूज गालगुंडाची असेल म्हणालो. अशा तीन फेऱ्या झाल्या.

चौथ्या खेपेस ती चक्कर येऊन पडली म्हणून आणली. रक्तातील पोटॅशियम ३.५ च्या वर हवे, ते २.६ निघाले. या पातळीला हृदयाचे ठोके बिघडून जीवावर बेतू शकते. तातडीने रुग्णालयात दाखल केले. दुसऱ्या दिवशी आईला बाहेर बसवून मी विचारले, तेव्हा ती रडत म्हणाली, "डॉक्टरकाका, मी रात्री चोरून खूप खाते आणि मग बोटे घालून उलटी काढते. दोन वर्षे झाली." तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये हा साधा प्रश्न मी तिला आधी विचारला नव्हता. चूक माझीच.

या विकाराचे नाव बुलिमिया नर्व्होसा. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. थोड्या वेळात ताबा सुटल्यासारखे भरमसाट खायचे आणि मग वजन वाढेल या धास्तीने उलट्या काढायच्या, जुलाबाच्या गोळ्या घ्यायच्या किंवा कडकडीत उपास करायचे, असे त्याचे स्वरूप. वजन पुष्कळदा सामान्य असल्याने घरच्यांना पत्ता लागत नाही. वारंवार उलट्यांमुळे दात झिजतात, लाळग्रंथी सुजतात, बोटांच्या पेरांवर घट्टे पडतात. हे थेर नव्हेत, आजार आहे. तो मुलांनाही होतो.

विचारांवर उपचार

या आजाराचे रहाटगाडगे असते. वजनाची चिंता, म्हणून खाण्याचे कडक नियम. नियमांमुळे भूक, भुकेतून अति खाणे, त्यातून उलटी आणि अपराधीपणा. मग नियम आणखी कडक! हे चक्र तोडण्यासाठी ऑक्सफर्डचे ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी एक उपचारपद्धती बसवली. तिला कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी म्हणतात. आपण विचार-वर्तन उपचार म्हणू. कि. मो. फडके यांच्या लेखनातून विवेकनिष्ठ मानसोपचार ज्यांना परिचित आहे, त्यांना ही त्याचीच भावकी वाटेल.

साधारण वीस बैठका, चार-पाच महिने. प्रथम वही. केव्हा, काय खाल्ले आणि तेव्हा मनात काय होते, ते तिथल्या तिथे लिहायचे. मग वेळ बांधून खायचे. दिवसातून तीन जेवणे, मध्ये दोनदा थोडे खाणे; चार तासांहून अधिक पोट रिकामे ठेवायचे नाही. भुकेचा कडेलोटच होऊ द्यायचा नाही, ही यातली किल्ली. वजन आठवड्यातून एकदाच. उलटीने सगळे अन्न बाहेर पडत नाही, बराच भाग अंगी लागतोच, हेही रुग्णाला समजावतात.

पुढे विचारांची तपासणी. 'एक पोळी जास्त झाली, आता सगळेच बिघडले' हा विचार खरा आहे का? ती पोळी खाऊन आठवड्याने वजन पाहायचे आणि स्वतःच ठरवायचे. सर्वांनाच गुण येतो असे नाही. पण बुलिमियावर या उपचाराइतका आधार फार थोड्या उपचारांना आहे. काहींना फ्लुऑक्सेटिन या औषधाची जोड देतात, तीही तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच. मूल लहान असेल तर पालकांना उपचारात सामील करून घेतात. वजन फारच घटले असेल तर आधी शरीर सावरावे लागते.

आमच्या रुग्णाला मी शहरातील तज्ज्ञांकडे पाठवले. उपास बंद म्हटल्यावर आई घाबरली. मी म्हणालो, "ताई, आजारी माणसाला उपास माफ असतो." मधल्या काळात दोनदा जुनी सवय उलटली. आता वर्षभर उलट्या बंद आहेत, वजनही फारसे बदललेले नाही. परीक्षा जवळ आली की जीव घाबरतो, तेव्हा ती पुन्हा वही काढते.

पालकांना विनंती : मुलांच्या अंगलटीवर चारचौघांत बोलू नका. जेवल्यावर लगेच मोरीत जाणे, डब्यातले खाणे गुपचूप संपणे, अचानक उपास वाढणे दिसले तर न रागावता, एकांतात विचारा. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात जावे, किंवा २०२२ मध्ये सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर मोफत फोन करावा. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, गोळी लिहिण्याआधी तो एक प्रश्न विचारा.

(रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)