प्रकाशविद्युत परिणाम

प्रकाशविद्युत परिणाम म्हणजे योग्य वारंवारितेचा प्रकाश धातूच्या पृष्ठभागावर पडला असता त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडण्याची घटना होय. प्रकाशाची ऊर्जा सलग प्रवाहासारखी नव्हे, तर ठरावीक पुंजांच्या रूपात शोषली जाते, हे या परिणामाच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. प्रकाशाच्या अशा एका पुंजाला फोटॉन म्हणतात.

इतिहास

१८८७ मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख हर्ट्झ यांना असे आढळले की, अतिनील (जंबुपार) प्रकाश पडत असल्यास धातूच्या दोन टोकांमध्ये ठिणगी अधिक सहज पडते. मध्ये काच धरल्यास हा प्रभाव मंदावे. क्वार्ट्झ धरल्यास तो टिकून राही, कारण क्वार्ट्झमधून अतिनील किरण पार जातात. १८८८ मध्ये विल्हेल्म हालवाक्स यांनी ऋणभारित जस्ताची पट्टी अतिनील प्रकाशात आपला भार गमावते, हे दाखवले. १९०२ मध्ये फिलिप लेनार्ड यांनी बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा प्रकाशाच्या तीव्रतेवर अवलंबून नसते, असे सिद्ध केले.

हा निष्कर्ष तरंग सिद्धांताशी जुळत नव्हता. प्रकाश केवळ तरंग असेल, तर प्रखर तांबड्या प्रकाशाने इलेक्ट्रॉन अधिक वेगाने बाहेर पडावयास हवेत. प्रत्यक्षात अनेक धातूंमधून तो एकही इलेक्ट्रॉन बाहेर काढू शकत नाही.

आइन्स्टाइन यांचे समीकरण

१९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी पुढील स्पष्टीकरण मांडले. एक इलेक्ट्रॉन एका वेळी एकच पुंज शोषतो. पुंजाची ऊर्जा म्हणजे प्लांकचा स्थिरांक आणि वारंवारिता यांचा गुणाकार. इलेक्ट्रॉनला धातूबाहेर पडण्यासाठी लागणाऱ्या किमान ऊर्जेला त्या धातूचे कार्यफल म्हणतात. म्हणून,

कमाल गतिज ऊर्जा = फोटॉनची ऊर्जा − कार्यफल

प्रकाशाची तीव्रता वाढवल्यास दर सेकंदास येणाऱ्या फोटॉनांची संख्या वाढते. एकेका फोटॉनची ऊर्जा तीच राहते.

गणिते सोडवण्याची रीत

या विषयावरील गणितात पहिला प्रश्न एकच असतो : एका फोटॉनची ऊर्जा कार्यफलापेक्षा जास्त आहे काय? ती कमी असल्यास इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत आणि पुढील आकडेमोड निरर्थक ठरते. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये दिली असल्यास १२४० ला तिने भागले की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते.

उदाहरण : पोटॅशियमचे कार्यफल सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे. त्यावर ४०० नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा प्रकाश पडला, तर

फोटॉनची ऊर्जा = १२४० ÷ ४०० = ३.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट
कमाल गतिज ऊर्जा = ३.१ − २.३ = ०.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट

या इलेक्ट्रॉनांना थोपवण्यासाठी ०.८ व्होल्ट विरोधी विभवांतर पुरते. त्याला निरोधी विभव म्हणतात. ६५० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशाच्या फोटॉनची ऊर्जा मात्र सुमारे १.९ इलेक्ट्रॉन-व्होल्टच असते. त्यामुळे तो कितीही प्रखर केला तरी सामान्य प्रकाशस्रोताने पोटॅशियममधून इलेक्ट्रॉन निघत नाहीत. पोटॅशियमसाठी ही सीमा १२४० ÷ २.३, म्हणजे सुमारे ५३९ नॅनोमीटर येते. जस्ताचे कार्यफल सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने त्याची सीमा सुमारे २८८ नॅनोमीटर, म्हणजे अतिनील पट्ट्यात आहे. हालवाक्स यांना अतिनील प्रकाश का लागला, याचे उत्तर या भागाकारात आहे.

सामान्य चुका

* वारंवारिता दुप्पट केल्यास गतिज ऊर्जाही दुप्पट होते, असे मानणे. वरील उदाहरणात वारंवारिता दुप्पट केल्यास फोटॉनची ऊर्जा ६.२ आणि इलेक्ट्रॉनची कमाल गतिज ऊर्जा ३.९ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होते, म्हणजे जवळजवळ पाचपट. फोटॉनची ऊर्जा दुप्पट झाली, तरी वजा होणारे कार्यफल तेवढेच राहते.
* ज्यूल आणि इलेक्ट्रॉन-व्होल्ट ही एकके एकाच समीकरणात मिसळणे. १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारे १.६ × १०^-१९ ज्यूल.
* उत्तर ऋण आल्यास केवळ चिन्ह बदलणे. ऋण उत्तराचा अर्थ इलेक्ट्रॉन बाहेर पडत नाहीत, असा आहे.

प्रायोगिक पडताळा

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांना आइन्स्टाइन यांची पुंजकल्पना मान्य नव्हती. त्यांनी स्वच्छ धातुपृष्ठांवर अनेक वर्षे काटेकोर मोजमापे केली. निरोधी विभव आणि वारंवारिता यांचा आलेख सरळ रेषेत आला आणि तिच्या उतारावरून प्लांकच्या स्थिरांकाचे मूल्य मिळाले. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांनी समीकरण खरे ठरवले, तरी पुंजकल्पनेविषयीची मिलिकन यांची शंका तेव्हा मिटली नव्हती. आइन्स्टाइन यांना १९२१ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देताना प्रकाशविद्युत परिणामाच्या नियमाचा खास उल्लेख करण्यात आला. १९२३ चे पारितोषिक मिलिकन यांना मिळाले.

उपयोग

अत्यंत मंद प्रकाश मोजणाऱ्या प्रकाशगुणक नलिका, तसेच पदार्थांच्या पृष्ठभागाचे विश्लेषण करणारी उपकरणे या परिणामावर चालतात. सौर घटात मात्र इलेक्ट्रॉन पदार्थाबाहेर न पडता अर्धवाहकाच्या आतच मुक्त होतात. म्हणून तो प्रकाश-व्होल्टीय परिणाम म्हणून वेगळा ओळखला जातो.